दोन्हीकडचे सर

आमच्या सरांना पोहे खाताना बघायला तुम्ही इंदूरला यायला हवं होतं, कसम से! भिंतीला पाठ, तोंड रस्त्याकडे, आणि पहिला चमचा तोंडात जायच्या आधी आख्ख्या दुकानावरून एक नजर. मग हळूच मला म्हणणार, "बेटा, तो निळा शर्ट. हातातली प्लेट अर्धी आहे, तरी दुसरी घेतली. क्यों?"

"भूक लागली असेल, सर."

"भूक सगळ्यांना लागते. कारण शोध."

तेवढ्यात निळ्या शर्टवाल्याची बायको स्कूटर लावून येणार आणि ती दुसरी प्लेट उचलणार. सरांचं तोंड एवढंसं व्हायचं. पण हार मानतील तर ते सर कसले! "कव्हर चांगलं आहे," असं पुटपुटत ते पोह्यांवर जीरावन मसाला टाकायला लागायचे.

सर म्हणजे एम.ए.ला आम्हाला इंग्रजी शिकवणारे सर. किडकिडीत, कपाळ मोठं, बारा महिने बिनबाह्यांचा स्वेटर. स्कूटरच्या डिकीत दुसरं हेल्मेट. जाताना लाल घालायचे, येताना काळं, म्हणजे पाठलाग करणाऱ्याला चकवा. आता ह्यांचा पाठलाग कोण करणार, आणि स्कूटर तर तीच, गेली कित्येक वर्षं सगळ्या गावाला माहीत असलेली! रामबागेतला भाजीवालासुद्धा म्हणायचा, "सरजी, आज काला वाला? मतलब घर जा रहे हो." सर खूश व्हायचे. लोकांचं लक्ष आहे, एवढंच त्यांना ऐकू यायचं.

ह्या सगळ्याचं मूळ होतं ब्रिटिश हेरकथांत. पण थांबा, गाड्या उडवणारे, सुंदर बायका मिठीत घेणारे हेर नाहीत हं. तसलं पुस्तक कोणी वर्गात आणलं तर सर ते दोन बोटांत धरून परत करायचे. त्यांचा जीव होता तो अलीकडच्या कादंबऱ्यांमधल्या थकलेल्या हेरांवर. चष्मा पुसणारा, बायको सोडून गेलेला, ऑफिसात हीटर बंद पडलेला, बॉसवर विश्वास नसलेला माणूस. अभ्यासक्रमात ह्यातलं एक अक्षर नव्हतं. पण व्हिक्टोरियन कविता शिकवता शिकवता सर खिडकी लावून घेत आणि आवाज खाली आणत, की आम्ही समजायचो, आली गाडी लंडनला!

एकदा त्यांनी एका हेराची गोष्ट सांगितली. हा हेर परक्या देशात एका साध्या कारकुनाशी मैत्री करतो. त्याच्या घरी जेवतो, त्याच्या मुलीला पतंग उडवायला शिकवतो, त्याच्याकडून कागद काढून घेतो. मग लंडनहून हुकूम येतो, वरच्या पातळीवर आपला एक मोठा माणूस आहे, त्याला वाचवायला कारकुनाला पकडू द्या. आणि हा पकडू देतो.

"आता सांगा," सर म्हणाले, "ह्याला तुम्ही घरी जेवायला बोलवाल का?"

सगळा वर्ग एका सुरात, नाही! मी तर उभीच राहिले. "सर, नीच माणूस आहे तो!"

"नीच?" सरांचे डोळे लकाकले. अशा वेळी ते चक्क तरुण दिसायचे. "अरे भिया, नीच माणसावर एवढी जाड कादंबरी कोण लिहील? तो दोन पानांत संपतो. हा माणूस सकाळी उठतो, आरशात बघतो, आज आपण काय करणार आहोत ते त्याला पक्कं माहीत असतं, आणि तरी तो टाय बांधतो. त्या टाय बांधण्यावर आख्खी कादंबरी उभी आहे. तो हीरो नाही, व्हिलन नाही. तो ड्यूटीवर आहे. आणि त्याला झोप येत नाही, हे विसरू नका."

मग आमची जुंपायची! मी म्हणायचे, झोप न येणं पुरेसं नाही, सर, कारकुनाला त्याच्या निद्रानाशाचा काय उपयोग? सर टेबलावर हात आपटायचे, "सही! एकदम सही! हाच सवाल आहे!" उत्तर मात्र कधी द्यायचे नाहीत. मला त्याचा भयंकर राग यायचा, आणि पुढच्या तासाला मी पहिल्या बाकावर हजर.

त्यांचं एक आवडतं म्हणणं होतं. इंग्रजांना अशा कादंबऱ्या सुचल्या, कारण त्यांचं राज्य गेलं आणि रुबाब उरला. "आपलं काय वेगळं आहे? आपले पणजोबा इथे दरबारात, फौजेत. आपण विमा विकतो, ट्यूशन घेतो. पण कोणी आडनाव विचारलं की पाठ बघा कशी ताठ होते. जिथे आतलं एक आणि बाहेरचं एक असतं ना बेटा, तिथे हेर आपोआप तयार होतो. इंदूरचा मराठी माणूस जन्मतःच अर्धा एजंट आहे."

सर स्वतः तर पुरते एजंट होते, कारण ते चौकशा करायचे. स्थळांच्या चौकशा! आपल्याकडे लग्न ठरवायच्या आधी गुपचूप चौकशी करायची रीत आहे ना, मुलगा पितो का, घरचे कसे, आधी कुठे मोडलंय का, ते सगळं. इंदूरच्या मराठी घरांत ह्या कामाला एकच नाव होतं. कोणी पत्रिका घेऊन ज्योतिषाकडे जाण्याआधी बायोडेटा घेऊन सरांकडे जायचं. पैसे-बैसे नाहीत. एक कप चहा, आणि "सर, जरा बघा ना," एवढंच. सर बायोडेटा उलटा करून उजेडासमोर धरायचे. का, ते देव जाणे.

आणि मग सुरू व्हायचं ऑपरेशन. इंदूरजवळच्या हातोदच्या एका स्थळासाठी सर लसणाचे व्यापारी बनून गेले होते. खोटं नाव, खांद्यावर गमछा, पायात धुळीच्या चपला. मुलाच्या वडिलांनी ह्यांना शेत दाखवलं, घरी नेऊन जेवू घातलं, पोळीवर पोळी आग्रहाने वाढली. आणि जेवताना विश्वासाने मन मोकळं केलं की पोरगा दारूपायी हाताबाहेर जातोय, लग्न झालं की सुधारेल. सरांनी येऊन मुलीकडच्यांना सांगितलं. लग्न मोडलं. मुलगी वाचली म्हणा.

पण पुढचं ऐका. सर त्या हातोदवाल्याला दर दिवाळीला फोन करायचे, लसणाचा व्यापारी म्हणूनच! तो माणूस ह्यांना आपला दोस्त समजायचा. आपल्या मुलाचं लग्न कोणी मोडलं म्हणून ह्यांच्याकडेच रडायचा. काकू, म्हणजे सरांच्या बायको, मला स्वयंपाकघरात सांगायच्या, "त्या फोननंतर हे जेवत नाहीत गं. मी म्हणते, करू नका ना मग फोन. तर म्हणतात, तेवढं तरी केलं पाहिजे." काकूंच्या तक्रारी तशा वेगळ्याच होत्या. प्रत्येक चौकशीनंतर घरात सामान यायचं. लसणाची पोती, कुठल्याशा फॅक्टरीचे बेअरिंग, लग्नाच्या बँडचा एक ट्रंपेट. "ह्यांच्या हेरगिरीने माझी माळ्यावरची जागा संपली," असं त्या डोक्याला हात लावून म्हणायच्या.

आता माझं सांगते. मला लहानपणापासून फिट येतात. गोळी चालू असते, वर्षं वर्षं काही होत नाही, आणि मग एखाद्या दिवशी जमीन सुटते. आईने हे घराच्या भिंतींनासुद्धा कळू दिलं नव्हतं. गोळ्या डाळीच्या डब्याच्या मागे, डॉक्टर गावाच्या दुसऱ्या टोकाला. आणि नेमकी एकदा मला भर वर्गात फिट आली. डोळे उघडले तेव्हा सर माझ्या डोक्याखाली आपला स्वेटर घालून बसले होते आणि सगळ्या वर्गाला दटावत होते, "चतुर्थीचा कडक उपास करतात ह्या मुली, पाणीसुद्धा पीत नाहीत! मग काय होणार!" त्या दिवशी चतुर्थी नव्हतीच. पण सर इतक्या ठसक्यात बोलले की दोन मुलींनी चतुर्थीचा उपास करणंच सोडलं. मला घरी सोडताना ते एवढंच म्हणाले, "मी काही पाहिलं नाही." त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी जीव द्यायला तयार होते.

एम.ए. झालं, शाळेत नोकरी लागली, आणि माझ्यासाठी एक स्थळ आलं. मुलगा नाशिकचा, सांवेर रोडवर पंप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. फोटो बघितला आणि मी तर, जाऊ द्या, लाजायचं काय त्यात, मला आवडला! बाबा लगेच सरांकडे. "सर, आपली मुलगी आहे. नीट बघा. आणि तिचं ते... तुम्हाला माहीत आहे. तिकडे जायला नको." सर म्हणाले, बेफिक्र रहो.

आणि दुसऱ्याच दिवशी त्याच खुर्चीत येऊन कोण बसलं? मुलाची आत्या! ती इंदूरचीच. मुलाचे आईवडील दूर, म्हणून तिने मनावर घेतलं होतं. "सर, आपला मुलगा आहे. मुलीची जरा चौकशी करा ना. विशेषतः तब्येत."

आता हसावं की रडावं! दोघंही आपल्या परीने हुशार, दोघांनाही वाटतंय की सर आपला माणूस, आणि एकालाही हे सुचू नये की गावात चौकशीचं दुकान एकच आहे. आणि सरांनी? त्यांनी दोघांनाही हो म्हटलं! आयुष्यभर जे वाचलं ते दार उघडून चहा प्यायला आलं होतं, ते नाही कसं म्हणतील?

त्यांनी मला घरी बोलावून हे सांगितलं. "डबल एजंट, बेटा! मी!" मग दार लावून म्हणाले, "आत्यांना मी सांगून आलोय की मुलगी ठणठणीत आहे. एक खोटं तुझ्यासाठी बोललो. आता ऐक. मी पंप घ्यायला म्हणून कारखान्यात जाऊन आलो. त्या मुलाचंही एक गुपित आहे."

"काय आहे?"

"ते मी सांगणार नाही. तो स्वतः सांगेल. रविवारी खजरान्याच्या गणपतीला तुम्ही दोघं एकमेकांना भेटा. घरचे नको. त्याला मी तेच कळवलंय, की मुलीचंही एक आहे, ती सांगेल."

"सर! तुम्ही त्याला सांगितलंत?"

"एक आहे, एवढंच. काय, ते नाही. जुन्या काळी दोन देश पुलाच्या दोन टोकांवरून आपापला कैदी सोडायचे ना, एकाच वेळी चालायला लागायचे. तसं करायचं. तू तुझा सोड, तो त्याचा."

मी ते दिवस कसे काढले विचारू नका. आईला कळलं असतं तर तिने मला कोंडून ठेवलं असतं. मला तो मुलगा हवा होता. आणि हेही दिसत होतं, की बोलले तर तो जाईल, न बोलले तर जन्मभर डाळीच्या डब्यामागे गोळ्या लपवत बसेन, आणि एके दिवशी त्याच्यासमोरच पडेन. पण त्याचंही काहीतरी आहे, ह्याचा मला केवढा आधार वाटत होता! फक्त त्या जोरावर मी गेले.

रविवारी खजरान्याला ही गर्दी. हार-फुलांच्या दुकानांपाशी तो उभा होता, फोटोपेक्षा बरा. आणि पलीकडे, लाडवांच्या दुकानाआड, भर मे महिन्यात माकडटोपी घालून पेपर वाचणारा एक माणूस! सगळे त्यालाच वळून बघत होते. मी हसू दाबत दर्शन घेतलं. मग आम्ही पायऱ्यांपाशी सावलीत बसलो.

"तुम्ही आधी," तो म्हणाला.

"नाही, तुम्ही."

शेवटी मीच म्हटलं, आणि एका दमात. फिट येतात, गोळी घेते, ती सोडता येत नाही, घरच्यांनी लपवलंय. त्याच्याकडे बघायची हिंमत होईना. समोर एक बाई नारळ फोडत होती, तिच्याकडेच बघत राहिले.

तोही त्या नारळाकडेच बघायला लागला. मग म्हणाला, "मी बी.ई. नाहीये."

"म्हणजे?"

"एक पेपर राहिला. खूप वेळा दिला, नाहीच सुटला. डिप्लोमावर नोकरी लागली. कारखान्यात माहीत आहे. घरी नाही. बाबांनी तेव्हा गल्लीभर पेढे वाटले होते, मग सांगायचंच राहून गेलं. अजून कोणी विचारलं की माझ्या तोंडाला कोरड पडते."

मला काय झालं कोण जाणे, मी खदाखदा हसत सुटले! आणि मग तोही. बाया वळून बघायला लागल्या. तिकडे माकडटोपीने पेपर खाली केला.

त्याने त्याच रात्री नाशिकला फोन करून दोन्ही गोष्टी सांगितल्या. बी.ई.च्या धक्क्यात तिकडे असा हलकल्लोळ झाला की माझ्या फिटकडे लक्ष द्यायला कोणाला सवडच मिळाली नाही. ओरडाआरडा ओसरेपर्यंत मुलगा हट्टाला पेटला होता. शेवटी सासूबाई एवढंच म्हणाल्या, बाकी नातेवाइकांत बोलू नका. लग्न ठरलं.

मी पेढे घेऊन नाचत सरांकडे गेले. "पण सर, तुम्ही शोधलंत कसं हो? कारखान्यात कोण बोललं?"

"कोणी नाही," सर म्हणाले. "सगळे त्याची तारीफच करत होते. मला काहीच मिळालं नाही."

मला कळेचना. "मग त्याचंही एक आहे, ते?"

"थाप. एवढ्या वयाच्या माणसाचं काही ना काही असतंच."

"आणि नसतं तर?"

सरांनी कप खाली ठेवला. "तर तू एकटीच सांगून बसली असतीस. तो उठून गेला असता. तुझे बाबा माझ्या दारात पुन्हा आले नसते, आणि तू तर नाहीच."

"सर, ते माझं होतं! तुम्ही ते जुगारात लावलंत!"

"हो," ते म्हणाले. "पण त्या मुलाच्या बाजूनेही मी कामावर होतो ना बेटा. त्याला अंधारात ठेवून तुला सुखात कसं ठेवणार होतो?"

ना सॉरी, ना काही. मी पेढ्यांचा डबा तिथेच टाकून निघाले. इतकी संतापले होते की गेटची कडीसुद्धा हाताला लागेना. त्या हातोदवाल्यात आणि माझ्यात ह्यांना काही फरकच नाही, दोघंही ह्यांच्या कामाची माणसं, हेच रस्ताभर डोक्यात.

पुढे साखरपुड्यात फुटलंच. आत्या कौतुकाने म्हणाल्या, "आमच्या सरांनी सांगितलं मुलगी छान आहे." बाबा म्हणाले, "आमच्या सरांनी?" मग जे काही झालं! बाबा भडकले, आत्या भडकल्या, आणि त्या एका गोष्टीवर दोन्ही व्याह्यांचं घट्ट जमलं. महिन्याभरात गावभर झालं. सरांकडे बायोडेटा येणं बंद. काकू कोणाला तरी म्हणाल्याचं कानावर आलं की हे दुपारभर दाराकडे बघत बसतात. मला वाईट वाटलं. पण मी गेले नाही. लग्नालाही सर नव्हते. त्यांना कोणी बोलावलंच नव्हतं.

लग्नानंतर आत्यांच्या नातवाचं बारसं होतं. आख्खं सासर गोळा झालेलं, बायका पाळणा म्हणायला उभ्या. आणि माझी जमीन सुटली.

शुद्ध येताना आधी आवाज येतात, अर्थ मागून येतो. कोणीतरी हुंगवायला चप्पल आणली होती, कोणी कांदा, कोणी विचारत होतं, दिवस गेलेत का? आणि त्या सगळ्यांवरून नवऱ्याचा आवाज, अगदी साधा, "चप्पल नको, आत्या. कुशीवरच राहू द्या. तिला फिटचा आजार आहे, गोळी चालू आहे. आत्ता बरी होईल. तुम्ही पाळणा म्हणा." मग आत्यांनीच पाळणा सुरू केला, आणि बाकीच्याही म्हणायला लागल्या. माझं डोकं त्याच्या मांडीवर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांना फोन लावला. काकूंनी उचलला आणि काही न विचारता त्यांच्याकडे दिला.

"सर, मला फिट आली. बारशात. सासरच्या सगळ्यांसमोर."

सरांनी हळूच विचारलं, "लोकांना काय सांगितलं त्याने?"

"खरं सांगितलं, सर. पहिल्याच वाक्यात."

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"पण तुम्ही केलंत ते चूक होतं. मला अजून तसंच वाटतं."

"चूकच होतं, बेटा," सर इतक्या घाईने म्हणाले, जणू कोणीतरी हे तोंडावर म्हणावं म्हणून थांबलेच होते. "एकदम चूक. आणि तशी वेळ आली तर मी पुन्हा तेच करेन."

"माहीत आहे मला!" मी ओरडलेच. आणि मग मला जे रडू फुटलं! भर स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून, दूध उतू जात होतं तरी. सरांनी फोन ठेवला नाही.